नारकोंडमचा धनेश आणि ह्यूमसाहेब

गारगोटी म्हणजे काय, हे आपल्या गावातल्या मुलांना वेगळे सांगायला नको. पांढरा, कठीण, चकाकणारा दगड. दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासल्या की ठिणगी पडते. हा दगड पुष्कळदा काळ्या कातळाच्या पोकळीत सापडतो. पण तो काळा कातळ नेहमीच कातळ नव्हता, हे तुम्हांला माहीत आहे का? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, आतला वितळलेला लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत थंड झाला. भुदरगडचा किल्ला ज्या डोंगरावर उभा आहे, तो डोंगर या थरांचाच बनलेला आहे. उर्दूत तुम्ही ज्याला आतिशफिशाँ म्हणता, त्याला मराठीत ज्वालामुखी म्हणतात. म्हणजे आपण रोज एका विझलेल्या ज्वालामुखीच्या लाव्ह्यावरून चालत शाळेत येतो.

आपला लाव्हा विझला, पण आपल्या देशात एक ज्वालामुखी अजून जागा आहे. तो अंदमान समुद्रात, अंदमानच्या पूर्वेला, एका बेटावर आहे. त्या बेटाचे नाव बॅरन. त्याच्या उत्तरेला, खूप अंतरावर, नारकोंडम नावाचे दुसरे बेट आहे. तेही ज्वालामुखीतूनच वर आले, पण ते आता शांत आहे आणि दाट जंगलाने झाकले आहे. त्या जंगलात एक पक्षी राहतो. तो जगात दुसरीकडे कुठेही नाही. हिंदुस्थानात नाही, ब्रह्मदेशात नाही, अंदमानच्या इतर बेटांवरही नाही. त्याचे नाव नारकोंडमचा धनेश.

या पक्ष्याची ओळख जगाला करून देणाऱ्या माणसाचे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले आहे. मात्र तेथे पक्ष्यांचा उल्लेख नसतो. तेथे एवढेच लिहिलेले असते की 1885 मध्ये राष्ट्रीय सभेची, म्हणजे काँग्रेसची, स्थापना झाली आणि त्या कामी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम या इंग्रज अधिकाऱ्याने पुढाकार घेतला. परीक्षेत तेवढे लिहिले की गुण मिळतात. पण माणूस एका ओळीत मावत नाही. आज आपण या ह्यूमसाहेबांची उरलेली गोष्ट वाचू.

ह्यूम यांचा जन्म 4 जून 1829 रोजी झाला. घराणे स्कॉटलंडचे. वडील जोसेफ ह्यूम हे तरुणपणी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत डॉक्टर होते. पुढे ते ब्रिटिश संसदेचे सभासद झाले. सरकारच्या खर्चाचा पै-पैचा हिशेब मागणारे म्हणून ते प्रसिद्ध होते. मुलाला समुद्राची ओढ होती. 1842 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, तो काही काळ एका आरमारी जहाजावर शिकाऊ म्हणून राहिलाही. पण आरमारात त्याला जाता आले नाही. त्याने कंपनीच्या कॉलेजात शिक्षण घेतले, थोडे वैद्यकही शिकला, आणि 1849 मध्ये तो हिंदुस्थानात आला. त्या वेळी त्याचे वय वीस वर्षांचे होते. तुमचे मोठे भाऊ कॉलेजात जातात, त्या वयाचा हा मुलगा परक्या देशात राज्यकारभार करायला आला होता!

उत्तर हिंदुस्थानातील इटावा जिल्ह्यात त्यांची नेमणूक झाली आणि 1856 मध्ये ते तेथील जिल्हाधिकारी बनले. इटाव्यात त्यांनी काय केले, ते तुम्ही लक्ष देऊन वाचा. त्यांनी खेडोपाडी शाळा काढल्या. 1857 सालच्या सुरुवातीला त्या जिल्ह्यात अशा 181 शाळा होत्या आणि त्यांत पाच हजारांवर मुले शिकत होती. मुली मात्र दोनच होत्या! दारूच्या दुकानांतून सरकारला जो पैसा मिळतो, तो लोकांचे घर बुडवून मिळतो, असे त्यांचे स्पष्ट मत होते आणि ते त्यांनी सरकारला लिहून कळवले. 1859 मध्ये त्यांच्या प्रयत्नाने लोकमित्र नावाचे हिंदी वृत्तपत्र निघाले. मुहिब्ब-ए-रिआया नावाचे एक उर्दू पत्रही ते संपादित करत. या नावाचा अर्थ तुम्हांला शब्दकोशात शोधावा लागणार नाही.

मधल्या काळात 1857 चा उठाव झाला. ह्यूम हे कंपनी सरकारचे अधिकारी. अर्थातच ते इंग्रजांच्या बाजूने लढले. त्यांना इटावा सोडून काही महिने आग्र्याच्या किल्ल्यात राहावे लागले. परत आल्यावर त्यांनी उठाव मोडून काढण्यात भाग घेतला. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. मात्र त्या काळात इतर ठिकाणी इंग्रज अधिकाऱ्यांनी झाडाझाडाला माणसे टांगली, तसे ह्यूम यांनी केले नाही. त्यांच्या जिल्ह्यात फाशीच्या शिक्षा फार थोड्या झाल्या. लोक का चिडले, याचा विचार करणारे जे थोडे अधिकारी होते, त्यांपैकी ते एक होते.

पुढे 1867 ते 1870 या काळात ह्यूम जकात खात्याचे आयुक्त होते. तुम्ही मिठाचा सत्याग्रह वाचला आहे. त्याच्या कितीतरी आधी, मिठावरचा कर कुणी चुकवू नये म्हणून, इंग्रजांनी देशाच्या मधोमध एक लांबच लांब सीमा आखली होती. तिच्यावर पहारा देण्यासाठी जवळजवळ बारा हजार माणसे होती. ह्यूम यांनी या सीमेवर काटेरी झुडपांचे जिवंत कुंपण वाढवण्यात मोठी मेहनत घेतली. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशी झाडे लावून ते कुंपण इतके दाट केले की माणूस सहज पार होऊ नये. गरिबाच्या जेवणातले मीठ महाग करणारे हे काम होते. ह्यूम यांनी ते चोख केले. भल्या माणसाच्या हातूनही सरकारी नोकरीत कसली कामे होतात, ते यावरून दिसते. ती सीमा 1879 मध्ये बंद झाली.

पण या नोकरीचा एक फायदा ह्यूम यांना झाला. त्यांना सतत फिरावे लागे. आणि फिरताना त्यांचे डोळे झाडांवर असत. पक्ष्यांचा त्यांना विलक्षण शौक होता. कोणता पक्षी कोठे दिसला, घरटे कसले होते, अंडी किती, कोणत्या रंगाची, हे सारे ते लिहून ठेवत. त्या काळी दुर्बिणी आजच्यासारख्या नव्हत्या. पक्ष्यांचे फोटो काढणे तर अशक्यच होते. म्हणून पक्ष्यांचा अभ्यास करणारा माणूस हातात बंदूक घेऊन फिरे. पक्षी मारायचा, त्याचे कातडे पिसांसकट सोलायचे, त्यात कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर दिवस, ठिकाण, लांबी, डोळ्यांचा रंग, सारे लिहायचे. आज हे वाचून तुम्हांला वाईट वाटेल, मलाही वाटते. पण त्या चिठ्ठ्यांमुळेच दीडशे वर्षांपूर्वी कोणता पक्षी कोठे राहत होता, ते आपल्याला कळते.

1871 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी शेती, महसूल आणि व्यापार यांचे नवे खाते काढले आणि ह्यूम यांना त्याचे सचिव नेमले. आता उन्हाळ्यात सिमल्याला राहणे आले. सिमल्याच्या जाखू टेकडीवर रॉथनी कॅसल नावाचे घर त्यांनी घेतले आणि त्याच्यासोबत पक्ष्यांचे संग्रहालय उभे केले. 1872 च्या अखेरीस त्यांनी केवळ पक्ष्यांविषयीचे एक इंग्रजी नियतकालिक सुरू केले. त्याच्या नावाचा अर्थ विखुरलेली पिसे असा होतो. देशाच्या कानाकोपऱ्यातून अधिकारी, डॉक्टर, पाद्री त्यांना पत्रे पाठवू लागले. अहमदनगरला राहणारे अमेरिकन पाद्री फेअरबँक यांनी खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव या सह्याद्रीच्या पट्ट्यातील पक्ष्यांची यादी पाठवली. ती 1876 मध्ये छापली गेली. रत्नागिरीकडे नोकरी करणाऱ्या व्हिडाल यांनी दक्षिण कोकणातील पक्ष्यांची यादी केली. म्हणजे आपल्या घाटाच्या वरचे आणि खालचे पक्षी ह्यूम यांच्या टेबलापर्यंत पोहोचले होते. ते स्वतः सिमल्यात बसून होते, पण त्यांचे कान आणि डोळे सगळीकडे होते.

आता बेटांकडे वळू. लॉर्ड मेयो 1872 च्या फेब्रुवारीत अंदमानला गेले असताना 8 तारखेला पोर्ट ब्लेअर येथे शेर अली आफ्रिदी नावाच्या कैद्याने त्यांचा वध केला. सगळ्या देशात खळबळ उडाली. अंदमान म्हणजे काळे पाणी, कैद्यांची जागा, हीच लोकांची समजूत होती आणि या घटनेने ती आणखी पक्की झाली. त्यानंतर वर्षभरातच, 1873 च्या मार्चमध्ये, ह्यूम त्याच अंदमानच्या दिशेने निघाले. ते कैदी पाहायला निघाले नव्हते, पक्षी पाहायला निघाले होते. त्यांच्याबरोबर भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. स्टोलिच्का आणि कलकत्त्याच्या संग्रहालयातील वुड-मेसन यांच्यासारखे जाणकार होते. कुणी दगड पाहणार, कुणी समुद्रातील प्राणी पाहणार, ह्यूम पक्षी पाहणार. असे हे आगबोटीवरचे फिरते विद्यालयच होते म्हणा ना. यांपैकी स्टोलिच्का यांना पुढे फार आयुष्य लाभले नाही. 1874 च्या जूनमध्ये यारकंदहून परत येताना उंच पहाडात त्यांचा मृत्यू झाला. लेह येथे त्यांचे स्मारक आहे.

बेटांच्या समुद्रात आगबोटीने फिरणे आज आपल्याला सहलीसारखे वाटते. त्या काळी तसे नव्हते. नकाशे अपुरे, खडक पाण्याखाली दडलेले. मोठी बोट दूर उभी करायची आणि लहान होडीतून किनाऱ्याकडे जायचे. ज्वालामुखीतून तयार झालेल्या बेटाला पुळण क्वचितच असते. समुद्रातून सरळ काळा कडा वर चढलेला असतो. लाट होडीला कड्याकडे ढकलते आणि पुन्हा मागे ओढते. पाय टेकवायचा तो नेमक्या क्षणी. चुकला तर माणूस लाटेत.

बॅरन बेट पाहिल्यावर ज्वालामुखी म्हणजे काय, हे कोणालाही समजावे. बाहेरून एक गोल, उंच भिंत. ही भिंत म्हणजे जुन्या, मोठ्या ज्वालामुखीचे उरलेले कडे. पश्चिमेच्या बाजूला ती फुटलेली आहे आणि त्या वाटेने लाव्हा समुद्रापर्यंत आलेला आहे. मधोमध राखेचा आणि दगडांचा शंकू. 1787 मध्ये या बेटावरचा उद्रेक जहाजावरच्या लोकांनी पाहून नोंदवला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर तो शांत होत गेला. ह्यूम यांची आगबोट तेथे गेली, त्या काळात तो झोपलेला होता. लोकांना वाटले, संपला. पण 1991 मध्ये, दीडशेहून अधिक वर्षांच्या झोपेनंतर, तो पुन्हा जागा झाला. त्यानंतर 1994, 2005, 2017 अशा अनेक वेळी त्यातून राख आणि लाव्हा बाहेर पडला. आज अंदमानला जाणारे काही प्रवासी बोटीने या बेटाभोवती फेरी मारतात. सर्वसाधारण प्रवाशांना त्यावर उतरू देत नाहीत. रात्री शंकूच्या तोंडावर लालसर उजेड दिसला, तर त्यांची फेरी सफल होते.

नारकोंडम याहून अगदी निराळे. क्षेत्रफळ जेमतेम सात चौरस किलोमीटर. म्हणजे एखाद्या मोठ्या गावाचे शिवार यापेक्षा मोठे असते. पण उंची पाहा, 710 मीटर! समुद्रातून एकदम वर उठलेला हिरवा डोंगरच तो. त्याचे शिखर बहुधा ढगात असते. नारकोंडम हे नाव नरककुंड या शब्दावरून आले असावे, असे काही जाणकार मानतात. नाव असे असले तरी बेटावर नरकासारखे काही नाही. आहे ते जंगल.

हे जंगल तेथे आले कसे? ज्वालामुखीतून बेट वर येते, तेव्हा त्यावर गवताचे पातेही नसते. मग वारा काही बिया आणतो. समुद्राच्या पाण्यावर तरंगत काही येतात. आणि पुष्कळशा बिया पक्ष्यांच्या पोटातून येतात. वड, उंबर यांच्या जातीची फळे पक्षी खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात. धनेश हा तर त्यांतला मोठा माळी. फार पूर्वी कधीतरी, बहुधा ब्रह्मदेशाच्या बाजूने, धनेशाच्या जातीचे काही पक्षी उडत या बेटावर आले असावेत. ते येथेच राहिले. हजारो वर्षे गेली. मुख्य भूमीवरच्या आपल्या भाऊबंदांपासून ते तुटले आणि हळूहळू वेगळे झाले. आकाराने थोडे लहान, रंगाने निराळे. नराचे डोके आणि मान तांबूस, मादीची काळी, शेपूट दोघांचीही पांढरी.

1873 च्या त्या सफरीत ह्यूम यांच्या मंडळींना हे पक्षी दिसले. विचार करा, सारा देश पालथा घातलेला पक्ष्यांचा जाणकार, त्याने शेकडो जातींचे हजारो पक्षी हाताळलेले, आणि समोर उंबराच्या झाडावर असा पक्षी, जो कोणत्याच पुस्तकात नाही! दाजीपूर-राधानगरीच्या जंगलात तुमच्यापैकी कुणी धनेश पाहिला असेल, तर त्याच्या पंखांचा आवाज तुम्ही विसरला नसाल. उडताना एखादी आगगाडी वाफ सोडत जावी तसा तो आवाज येतो. लहानशा बेटावर असे कितीतरी धनेश इकडून तिकडे जात होते आणि माणसाचे भय त्यांना फारसे नव्हते, कारण माणूस तेथे राहतच नव्हता. ह्यूम यांनी त्याच वर्षी आपल्या नियतकालिकात या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले. शास्त्रीय नावात त्यांनी त्या बेटाचेच नाव ठेवले. पक्ष्याचा पत्ता त्याच्या नावातच आला. पाहिलेले काही पक्षी त्यांनी मारलेही. अंदमानचे खास बदक आणि तेथील गव्हाणी घुबड यांनाही ह्यूम यांनीच नावे दिली.

दोन वर्षांनी, 1875 च्या सुरुवातीला, ते पुन्हा समुद्रात होते. या वेळी अरबी समुद्रात. लक्षद्वीप बेटांवर दीपगृह कोठे बांधावे, हे पाहण्यासाठी क्लाइड नावाचे सरकारी जहाज निघाले होते, त्यावर ते चढले. लक्षद्वीप ही प्रवाळांची बेटे, ज्वालामुखीची नव्हेत. तेथे फारसे पक्षी मिळाले नाहीत म्हणून ह्यूम काहीसे निराश झाले. पण या सफरीत ते आपल्या अगदी जवळ येऊन गेले. घाट उतरून कोकणात गेले की वेंगुर्ले लागते. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात उघडे खडक आहेत. वेंगुर्ला रॉक्स म्हणून ते प्रसिद्ध आहेत. इंग्रजी नकाशांत त्यांना जळकी बेटे अशा अर्थाचे नाव होते. सुरय नावाचे समुद्रपक्षी पावसाळ्याच्या दिवसांत तेथे अंडी घालतात. ह्यूम पोहोचले तेव्हा तो हंगाम उलटून गेला होता. त्यांना दिसले ते मागील हंगामातले अवशेष, वाळून गेलेली अंडी आणि मेलेले पक्षी. तेथील गुहेत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. या घरट्यांचे सूप चीनकडे मोठ्या चवीने पितात, म्हणून ती चोरीला जात. 2001 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ही चोरी उघडकीस आणली आणि नंतर तेथे राखणही सुरू केली.

ह्यूम यांच्या टेबलावर 1873 मध्येच आणखी एक अपरिचित पक्षी आला होता. आजच्या छत्तीसगडमध्ये ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला एक लहान घुबड मिळाले. आपल्याकडच्या पिंगळ्यासारखे, पण डोके निराळे. ह्यूम यांनी त्याला ब्लेविट यांचे नाव दिले. मराठीत त्याला रानपिंगळा म्हणतात. खानदेशात नोकरीला असलेल्या डेव्हिडसन यांनी 1884 पर्यंत त्याचे आणखी काही नमुने मिळवले. मग हा पक्षी दिसेनासा झाला. त्याचे पुढे काय झाले, ते शेवटी सांगतो.

पक्ष्यांच्या बाबतीत ह्यूम यांचा हात असा चालत होता, पण नोकरीत त्यांचे दिवस बरे नव्हते. शेतकऱ्यांच्या हिताचे ते स्पष्ट बोलत. शेतीच्या खात्यात शेतीसाठीच पैसा नाही, याची त्यांना चीड होती. वरिष्ठांना असा माणूस नको होता. 1879 मध्ये त्यांना सचिवपदावरून काढून अलाहाबादला पाठवण्यात आले. त्याच वर्षी त्यांनी हिंदुस्थानातील शेतीच्या सुधारणेवर एक पुस्तक लिहिले. 1882 मध्ये ते निवृत्त झाले.

आता त्यांच्यापुढे एकच काम होते. हिंदुस्थानातील सर्व पक्ष्यांवर एक थोर ग्रंथ लिहायचा. पंचवीस वर्षांच्या टिपणांचे ढीग रॉथनी कॅसलमध्ये पडले होते. त्यांत स्वतःची निरीक्षणे होती, शेकडो लोकांची पत्रे होती. 1883 च्या सुमारास ह्यूम बाहेरगावाहून सिमल्याला परतले. त्यांनी कपाटे उघडली. कागद नव्हते. घरातल्या एका नोकराने ते सारे सिमल्याच्या बाजारात रद्दी म्हणून विकून टाकले होते. नोकराला काय ठाऊक त्यांत काय आहे! त्याच्या दृष्टीने ते जुने, धूळ बसलेले, वजनाला भारी कागद. दुकानदाराच्या दृष्टीने पुड्या बांधायला बरे. पंचवीस वर्षांची मेहनत हिंग आणि जिऱ्याबरोबर घरोघर गेली.

तुमची एक वही हरवली तर तुम्ही दिवसभर रडवेले होता. या माणसाचे काय झाले असेल, याची कल्पना करा. आणि एवढ्यावर भागले नाही. पुढे सिमल्याला जोराचा पाऊस झाला, दरड कोसळली आणि त्यांच्या संग्रहालयाचे नुकसान झाले. कीड लागल्यामुळे हजारो नमुने तर त्यांनी आधीच फेकून दिले होते. ह्यूम यांचे मन पक्ष्यांच्या कामातून उडाले. याच काळात थिऑसफीच्या विचारांचा त्यांच्यावर परिणाम झाला होता. त्यांनी मांस सोडले आणि पक्षी मारणेही बंद केले. उरलेला सारा संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकायचे ठरवले. एक पैसाही न घेता.

1885 मध्ये म्युझियमचे शार्प नावाचे तज्ज्ञ स्वतः सिमल्याला आले. संग्रह पाहून ते थक्क झाले. बंद करून नेण्यासारखे सुमारे 82,000 नमुने होते! देवदाराच्या लाकडाच्या 47 पेट्या तेथेच तयार करून घेतल्या. एकेक पेटी अर्ध्या टनाच्या आसपास. माणसांनी त्या डोंगरावरून खाली आणल्या, बैलगाड्यांत घातल्या आणि पुढे मुंबई बंदरातून त्या जहाजाने लंडनला गेल्या. नारकोंडमचा धनेशही त्यांच्याबरोबर गेला.

त्याच 1885 सालच्या डिसेंबरात ह्यूम स्वतः मुंबईत होते. या वेळी पेट्या नव्हत्या, माणसे होती. 1883 मध्ये त्यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना एक जाहीर पत्र लिहिले होते. आपल्या देशाचे काम आपणच हाती घ्या, दुसऱ्याकडे पाहू नका, असा त्याचा आशय होता. मग पक्ष्यांसाठी जशी ते देशभर पत्रे पाठवत, तशी आता देशभक्तांना पाठवू लागले. पत्रे लिहून दूरदूरच्या माणसांना एका कामात गुंतवणे, ही त्यांची जुनी सवय होती. ती येथे फार उपयोगी पडली, असे मला वाटते. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्याला व्हायचे होते. पण पुण्यात पटकीची साथ आली, म्हणून ते मुंबईला, गवालिया तलावाजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत, 28 डिसेंबर 1885 रोजी भरले. 72 प्रतिनिधी आले होते. अध्यक्ष होते व्योमेशचंद्र बॅनर्जी. प्रतिनिधींमध्ये मुंबईचे रहिमतुल्ला सयानी होते. ते पुढे 1896 च्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. त्याआधी 1887 मध्ये मद्रासच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद बद्रुद्दीन तय्यबजी यांनी भूषवले होते. याच तय्यबजी घराण्यातल्या मामांच्या घरी पुढे एक अनाथ भाचा वाढला आणि तो हिंदुस्थानचा सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ झाला. त्याचे नाव सालिम अली. ह्यूम यांनी रद्दीत गमावलेला ग्रंथ एका अर्थाने सालिम अलींनी लिहिला.

अनेक वर्षे ह्यूम सभेचे सरचिटणीस होते. सरकारी अधिकाऱ्यांचा त्यांच्यावर राग होता. 1894 मध्ये ते हिंदुस्थान सोडून लंडनला राहायला गेले. म्युझियममध्ये त्यांचेच पक्षी होते, पण ते पुन्हा त्या कामाकडे वळले नाहीत. आता त्यांना झाडांचा नाद लागला होता. सामान्य माणसालाही वनस्पती अभ्यासता याव्यात म्हणून त्यांनी 1910 मध्ये दक्षिण लंडनमध्ये स्वतःच्या पैशाने एक वनस्पती संस्था काढली. ती आजही चालू आहे. 31 जुलै 1912 रोजी ते वारले. बातमी इटाव्याला पोहोचली, तेव्हा तेथील बाजार बंद राहिला. त्यांना इटावा सोडून पन्नासच्या आसपास वर्षे झाली होती.

रानपिंगळ्याची गोष्ट राहिली. 1884 नंतर तो कोणालाच दिसला नाही. मध्यंतरी एका इंग्रज गृहस्थाने म्युझियममधला जुना नमुना चोरला आणि त्याला 1914 सालची खोटी चिठ्ठी बांधून तो आपणच गुजरातेत मिळवला असे भासवले. त्यामुळे शोधणारे बरीच वर्षे चुकीच्या जंगलात हिंडत राहिले. ही लबाडी उघडकीस आल्यावर अमेरिकेतील पामेला रॅसमुसेन आणि त्यांचे सोबती जुन्या, खऱ्या चिठ्ठ्या वाचत खानदेशात आले. 1997 च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळच्या जंगलात, उघड्या फांदीवर, दिवसाढवळ्या, रानपिंगळा बसलेला होता. 113 वर्षांनी! त्यानंतर तो मेळघाटात आणि इतरही काही जंगलांत सापडला.

नारकोंडमवर 1969 मध्ये पोलीस ठाणे झाले. ठाण्याबरोबर बकऱ्या आल्या आणि कोवळी रोपे खाऊ लागल्या. पुढे त्या हलवाव्या लागल्या. 1970 च्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे एस. ए. हुसेन त्या बेटावर राहून धनेशाचा अभ्यास करून आले. अलीकडच्या पाहणीनुसार तेथे सुमारे एक हजार धनेश आहेत. जगातले सारे तेवढेच. दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास मादी एखाद्या उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट ठेवते. पिल्ले मोठी होईपर्यंत नर उंबरे आणून त्या फटीतून तिला भरवतो. ह्यूम यांची आगबोट त्या किनाऱ्याजवळ आली होती, तेही याच दिवसांत.